सगळं एकटंच करणारं डबडं

यंदाची हळद शिजायला लागली. गावातल्या शेषरावाच्या शेतात, आखाड्यावर, हळद शिजवायचा कुकर लागलाय आणि सकाळपासून वाफेचा वास गावात शिरून राहिला आहे. ओल्या मातीचा, धुपल्या लाकडाचा, आणि मधेच नाकाच्या शेंड्याला चावणारा. लोकांना हा वास आवडतो. मला आता आवडत नाही. ह्या वासाबरोबर मागच्या साली हळदीच्या दिवसांत स्लॅबवर आलेलं ते डबडं आठवतं, आणि डबड्यामागून बाकीचं सगळं.

डबडं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर वाटेल म्हातारा रेडिओबद्दल बोलून राहिला. माझी पोरगी सुजाता पुण्याला इंजिनेर आहे. तिला आभाळाचे फोटो काढायचा नाद. एक दुर्बीण, तिच्या बुडाला कॅमेरा, आणि खाली चांदण्यांच्या चालीनं हळूहळू फिरणारी मोटर, असा तिचा बारदाना. मागच्या हिवाळ्यात तिनं एक काळं डबडं आणलं. अंगाच्या साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्या, एवढं. म्हणाली, बाबा, आता सगळं हेच करतं. चांदणी हेच शोधतं, दुर्बीण तिकडं हेच वळवतं, भिंग पुढं-मागं सरकवून फोटो हेच साफ करतं, काढतंबी हेच, आणि एकावर एक रचतंबी हेच. आपण फक्त फोनवर बघायचं.

मी म्हणलं, "मग आपण काहून आहोत?"

ती हसली. मी हसलो नाही.

सगळं मी एकटाच करतो असं म्हणणाऱ्यावर माझा कधी भरोसा बसला नाही, माणूस असो का यंत्र. स्वतःची थोडी हळद आणि बाकी दुसऱ्यांच्या आखाड्यावर कुकरचं काम, ह्यात माझा जन्म गेला. त्या कामाला एकटा माणूस चालत नाही. एक जाळापाशी लागतो, एक हळद भरलेल्या ड्रमापाशी. मी जाळापाशी आणि माझी बायको पंचफुला ड्रमापाशी. धुरात आम्हाला एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. ती नुसती खोकली तरी मला कळायचं की आता लाकूड मागं ओढा. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर हळद वाढली तसं काम वाढलं, कनेरगाव नाक्यापर्यंत आम्ही दोघं कुकरामागं फिरलो. जेवण धाब्यावर नाही, तिनं बांधून आणलेलं. भाकरीलाबी हळदीचा वास, आणि तिच्या बोटांचा पिवळा रंग पार चैतापर्यंत निघायचा नाही.

डबडं यायच्या आधीच्या भादव्यात ती गेली. विहारात पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आले, गेले. शेषराव बिचारा समजूत घालायला आला आणि म्हणाला, वहिनी चांदणी झाल्या असतील. मी त्याला तिथंच थांबवलं. म्हणलं, शेषराव, आमच्यात तपासल्याबिगर मानत नाहीत, असलं मला सांगू नको. त्याला वाईट वाटलं असंल. वाटू दे.

सुजाताचा हा नाद तिची माय होती तेव्हापासूनचा. तेव्हा डबडं नव्हतं. तेव्हा लॅपटॉप होता आणि वायरा होत्या. कॅमेऱ्याची वायर, मोटरची वायर, भिंगावर दव पडू नये म्हणून गरम पट्टीची वायर. पंचफुला म्हणायची, लग्नाच्या मांडवालाबी एवढ्या वायरा नसतात. लॅपटॉपावर दव पडू नये म्हणून त्याच्यावर तिची बांबूची डाली पालथी घातलेली असायची. मी बॅटरीला तांबडं कापड गुंडाळून उजेड धरायचो, कारण पांढऱ्या उजेडानं पोरीचे डोळे बिघडायचे. मोटर चांदण्यांच्या चालीला नीट बसावी म्हणून सुजाता मानेचं धनुष्य करून एका बारक्या छिद्रातून ध्रुव बघायची. आमच्याकडं ध्रुव खालीच असतो, लिंबाच्या शेंड्याला टेकल्यासारखा. ती म्हणायची, बाबा, डावीकडं. मी स्क्रू फिरवायचो. माय खालून ओरडायची, जेवण निवलं. मग लॅपटॉप अडकायचा, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढ्यात ढग. किती तकलीफ होती त्यात. पण तिघं लागायचो.

आणि त्यात एक गंमत होती. लोकांच्या लेकी पंचमीला येतात, दिवाळीला येतात. आमची लेक अवसेला यायची. चांदणं असलं की तिचे फोटो बिघडतात, म्हणून हिवाळाभर दर अवसेला पुण्याची गाडी आणि पोरगी दारात. गावात कुजबूज व्हायचीच. शेषरावाच्या बायकोनं एकदा पंचफुलाला नळावर विचारलं, तुमची सुजी अवसेलाच काहून येती माय, अन् ते नळकांडं घेऊन वर काय करती? पंचफुलानं सांगितलं, आभाळाला टाचण लावती, खाली पडू नये म्हणून. ते उत्तर गावात बरेच दिवस फिरलं. खरं म्हणजे बाकीचं गाव अवसेला घाबरायचं आणि आमच्या घरात अवस म्हणजे सण होता. सकाळीच पंचफुला वांगे भाजायला टाकायची.

म्हणून डबड्याबद्दल माझी शंका एकच होती. तीच सांगायला हे लिहून राहिलो. हे जर सगळं एकटंच करायला लागलं, तर पोरगी येईल कशाला?

पण ते तिला म्हणलो नाही. मी दुसऱ्याच शंका काढत बसलो. त्याबी खोट्या नव्हत्या.

पहिली शंका, त्याला तोंडच नाही. ना काटा, ना पडदा, एक बटन आणि एक बारका दिवा. आमच्या कुकराला निदान वाफेचा काटा होता, शिट्टी होती, फार झालं तर तो डोळ्यादेखत गळायला लागायचा. ह्याच्या पोटात काय चाललंय ते विचारायचं तर फोनाला विचारा. फोनानं डबड्याशी बोलायचं तर त्यानं आधी घरचं इंटरनेट सोडायचं आणि डबड्याचं धरायचं. ते धरलं की सुजाताचे पुण्याचे निरोप बंद. मग पुन्हा इकडचं धरा. म्हणजे डबड्याशी बोलत असताना माणसाशी बोलायचं नाही, असा त्याचा कायदा. पुढं तिनं काहीतरी करून दोन्ही एकाच जागी आणलं, पण पहिल्या आठवड्यात मला तो कायदा पक्का वाटला होता.

दुसरी शंका, ते कारण सांगत नाही. फोनावर एक चाक फिरतं. किती वेळ फिरणार, काही बोलत नाही. नंतर हिरवी खूण येते आणि डबडं 'टूं' करतं, म्हणजे झालं. नाही झालं तर इंग्रजीत एक ओळ येते. मी विचारलं, काय म्हणतं? सुजाता म्हणाली, काहीतरी चुकलं म्हणतं. काय चुकलं? ते नाही म्हणत. अरे, गडी माणूस असा बोलला असता तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतला नसता.

एक गोष्ट मात्र मला आवडली आणि ती मी कबूल करतो. ध्रुव धरायचं काम. आता मान मोडायची नाही. डबडं आभाळाचे दोन-तीन फोटो काढतं आणि फोनावर एक बाण दाखवतं, की स्क्रू इकडं फिरवा. सुजाता फोन धरून उभी आणि मी स्क्रूपाशी. थोडं. अजून थोडं. बास, मागं, मागं. गोळ्यात गोळा बसला की फोनावर हसरं तोंड येतं. तेवढं काम ते अजून माणसाच्या हातानं करून घेतं. त्याला हात नाहीत म्हणून. हात असते तर तेबी घेतलं असतं.

पण तिसरी शंका वेगळी होती, आणि ती मी पोरीपुढं बोलू शकलो नाही. फोटो काढताना डबडं एका चांदणीवर डोळा ठेवून असतं. दुर्बीण केसभर सरकली तरी मोटरला दटावतं. ते चाललेलं फोनावर दोन रेघांत दिसतं, एक तांबडी, एक निळी, वरखाली नाचत पुढं पुढं जाणाऱ्या. सुजाता म्हणाली, रेघा शांत असल्या म्हणजे सगळं बराबर आहे. मी त्या रेघा बघितल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसलो.

असल्याच रेघा मी पंचफुलाच्या उशाशी बघितल्या होत्या. दवाखान्यात. तिथंबी एकच डबडं होतं आणि सगळं तेच करायचं. काळीज तेच मोजायचं, श्वास तेच मोजायचं, दाब तेच घ्यायचं. येणारा प्रत्येक जण आधी डबड्याकडं बघायचा आणि मग तिच्याकडं. मीबी तसंच करायला लागलो होतो. ती म्हणाली, मला बरं वाटत नाही. मी वर बघितलं. रेघा शांत होत्या. मी म्हणलं, बराबर आहे सगळं, झोप. कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. आजारच तसा होता, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण रेघ शांत आहे म्हणजे माणूस शांत आहे, ह्यावर माझा भरोसा तिथंच उडाला.

सुजाता माझ्याशेजारी येऊन बसली. तिनंबी त्याच रेघा बघितल्या होत्या, त्याच उशाशी. थोड्या वेळानं तिनं फोनावरचा तो भाग बोटानं बारीक करून टाकला.

मग फोटो यायला लागला. तिकांड्याच्या, म्हणजे मृगातल्या एका रेघेतल्या तीन चांदण्यांच्या, खाली जो पुसट डाग दिसतो, म्हातारे लोक ज्याच्यावरून थंडीचा अंदाज करायचे, त्याचा. पहिला फोटो म्हणजे नुसता राखेचा फुपाटा. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, डबडं रचत गेलं आणि हळूहळू त्यात पंखासारखं काहीतरी उघडलं. गुलाबी. मधे निळसर. सुजाता बघतच राहिली. मी डोळे वर करून तिथंच बघितलं. वर राख होती, गुलाबी काही नव्हतं.

मी म्हणलं, "हे आपल्या स्लॅबवरचं न्हाई. हे आधीच भरून पाठवलेलं आहे त्याच्यात."

तिनं समजावलं. डोळा एका पळाचं बघतो, कॅमेरा उजेड साठवून ठेवतो, वगैरे. मला ते पटलं नाही. लग्नाच्या फोटोवाल्यानं आमच्या मागं काश्मीर चिकटवून दिलं होतं, तिथं आम्ही कधी गेलो नाही. मी म्हणलं, तपासू. मी खाली गेलो, खराट्याची एक काडी मोडून आणली.

काडीचं सांगायला पाहिजे. हळद शिजली का नाही हे काट्यावर समजत नाही. पंचफुला ड्रमातलं एक हळकुंड काढायची आणि त्यात खराट्याची काडी टोचायची. आरपार गेली तर शिजली. अडकली तर अजून जाळ. कुकरवाला काहीबी सांगो, शेतमालक घाई करो, काडी गेल्याशिवाय ती ड्रम उपसू द्यायची नाही. तिचं बोट भाजायचं, ती फुंकर मारायची, आणि मान हलवायची. त्या मान हलवण्यावर आमचं घर चाललं.

तर ती काडी मी दुर्बिणीच्या तोंडावर आडवी चिकटवली, आणि पोरीला म्हणलं, तिकांड्याच्या मधल्या चांदणीवर धर. फोटोत काडी दिसली तर तुझं खरं. फोटो आला. काडी नव्हती. मी म्हणलं, झालं, सापडली चोरी.

सुजातानं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यापुढं धरला. चांदणीला दोन टोकं फुटली होती. एक वर, एक खाली, सुईसारखी बारीक रेघ. ती म्हणाली, काडी इतकी जवळ आहे की ती दिसणार नाही बाबा, पण काडीनं उजेड चिरला आहे. उजेड तिच्या कडेनं वाकून आलाय, त्याची ही रेघ. काडी आडवी, म्हणून रेघ उभी. मी काडी सोडवली आणि उभी लावली. पुढच्या फोटोत रेघ आडवी झाली. मी तिरपी लावली. रेघ फिरून तिरपी.

मी काडी काढून हातात घेतली. एवढ्या लांबची चांदणी, आणि तिला माझ्या घरच्या खराट्याची काडी लागत होती. म्हणजे जे येत होतं ते ह्याच नळीतून, ह्याच स्लॅबवरून, वरूनच येत होतं. गुलाबीबी खरं असंल मग. सुजाता म्हणाली, मायनं केलं असतं असंच. मी तिला एकदम विचारलं, तू तिला शोधून राहिलीस का वर? ती म्हणाली, बाबा, मी इंजिनेर आहे. आणि तोंड पुसलं.

चार दिवसांनी ती पुण्याला गेली. जाताना तिनं सगळं स्लॅबवर पक्कं बसवून दिलं, वर पत्र्याचा सरकता आडोसा केला, सिमकार्डाचं एक यंत्र डबड्याला जोडलं. आता ती पुण्यातून सगळं चालवणार होती. माझ्याकडं काम एकच राहिलं. रोज दिवे लागले की वर जायचं, आडोसा सरकवायचा, दुर्बिणीचं झाकण काढायचं आणि बटन दाबायचं. सकाळी उलटं.

पुढची अवस आली. वांगे मी भाजले, कारण हाताला सवय. पोरगी आली नाही. तिनं फोनावर फोटो पाठवला, एक निळ्या चांदण्यांचा झुपका, लई सुंदर. मी त्याला उत्तर पाठवलं नाही. मी वर जाऊन बघितलं तर दुर्बीण आपली घुर्रऽ करत एकटीच वळून राहिली होती. बाजूला कुणी नाही. उजेड धरायला नाही, ओरडायला नाही. डबड्याचा दिवा बारीक चालू. आणि शेजारच्या रानातून हळदीची वाफ येत होती. मला वाटलं, झालं. जे मला वाटलं होतं तेच झालं. ह्यानं माझी अवस खाल्ली. शेषरावानं दुसऱ्या दिवशी पारावर विचारलं, सुजी नाही आली का अवसेला? मी म्हणलं, आली, तारेतून आली. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

शिमग्याच्या आधी हिंगोलीचे एक प्राध्यापक सुजाताचा सेट बघायला आले. त्यांनाबी हाच नाद. जयभीम करून वर आले, डबड्याला हात लावून बघितला, खूष झाले. मी त्यांना माझं काम सांगितलं, झाकण काढायचं, बटन दाबायचं. ते म्हणाले, काका, त्यालाबी मोटरवालं झाकण मिळतं की. बटनबी पुण्यातून दाबता येतं. ज्यांनी एवढं घेतलं त्यांनी तेवढंच कसं सोडलं? विसरल्या असतील मॅडम.

विसरली नसणार. सुजाता एक वायर विसरत नाही. ते गेल्यावर ही गोष्ट माझ्या डोक्यात काट्यासारखी फिरायला लागली. माझ्याकडं एवढं एकच काम काहून ठेवलं? म्हाताऱ्याला काहीतरी हातात असावं म्हणून खुळखुळा दिला का? तसं असंल तर मला राग होता. का दुसरं काही? तपासल्याशिवाय मानायचं नाही.

दोन-तीन दिवसांनी अवकाळीचं आभाळ भरून आलं. दुपारपासून गच्च. खळ्यावर वाळत घातलेल्या हळदीवर लोक ताडपत्र्या ओढत पळत होते, मीबी माझी झाकून आलो. असल्या आभाळात कसला फोटो. दिवे लागले, मी वर गेलो नाही. मुद्दामच. चुलीपुढं बसलो आणि फोन समोर ठेवला.

भाकर उलटली नाही तोवर फोन वाजला.

"बाबा, कव्हर काढलं न्हाई का?"

"आभाळ गच्च आहे. पुण्यात बसून तुला दिसतं, नकाशात. कशाचा फोटो काढतीस?"

तिकडं ताट सरकल्याचा आवाज आला.

मी म्हणलं, "ते सर सांगत होते, झाकणालाबी यंत्र मिळतं. मग माझ्याकडं हे काहून ठेवलं?"

तिनं तिकडं पंखा बंद केला. मग ती म्हणाली, "तुमी बटन दाबलं की इकडं माझ्या फोनावर हिरवं दिसतं. मग मी जेवाया बसते."

भाकर करपल्याचा वास आला. मी ती काढली.

"म्हणजे पाळत ठेवून राहिलीस माझ्यावर."

"व्हय."

"मला वाटलंच होतं."

"राग आला का?"

मी म्हणलं, "हिरव्यावर भरोसा ठेवू नको. हिरवं दिसतं अन् माणूस जातं. तुला ठाऊक आहे. बघायचं असंल तर येऊन बघत जा, अवसेला."

"अन् ढग असले तर?"

"तरी ये."

ती व्हय म्हणाली. आवाजावरून मी काही धरत नाही, पण म्हणाली. तिला वाटलं मी अजून काही बोलीन, मला वाटलं ती बोलेल, मग दोघांनीबी फोन ठेवला.

मी जिना चढलो. गुडघे दुखतात, सावकाश चढलो. वर एक चांदणी नव्हती. लिंब काळा, आभाळ काळं, आणि खालच्या खळ्यांवर ताडपत्र्या फडफडत होत्या. आडोसा सरकवला, झाकण काढलं, बटन दाबलं. दिवा लागला. डबड्यानं 'टूं' केलं. आज त्याला काहीच करायचं नव्हतं.

मी तिथंच थोडा वेळ थांबून बघितलं. फोन वाजला नाही. म्हणजे ती जेवायला बसली.